वाऱ्याकडची बाजू

सकाळी मी पाण्याची बाटली पुढे केली आणि ती ह्याला दिसलीच नाही. झालं एवढंच. हा पॅसेजमध्ये उकिडवा बसून माझ्या सायकलच्या मागच्या चाकातली हवा अंगठ्याने दाबून बघत होता, मी त्याच्या डाव्या हाताला उभी होते, आणि बाटलीचं झाकण आवळून देणं हे आमच्या घरात पहिल्यापासून ह्याचं काम, त्यामुळे नेहमीसारखी काही न बोलता मी ती त्याच्या गालाशी धरली. बाटली धरली की हात येतो. मान न वळवता येतो, बाटली घेतो, झाकण करकचून आवळतो आणि परत देतो. आज हात आला नाही. मी धरूनच उभी राहिले. हा चाक फिरवत होता, एकेक स्पोक नखाने वाजवून बघत होता, आणि ती निळी ठसठशीत बाटली त्याच्यापासून वीतभर लांब होती. आधी मला वाटलं, मुद्दाम करतोय, चेष्टा. मग वाटलं, नाही. मग बाटलीवरचा एक थेंब त्याच्या खांद्यावर पडला आणि हा दचकून म्हणाला, "अगं, कधी आलीस?" मी म्हटलं, "आत्ताच." खोटं बोलायची काही गरज नव्हती, पण तोंडातून गेलं. त्याने झाकण आवळलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच आवळलं, कारण पुढे पेट्रोल पंपावर ते उघडताना माझ्या नाकी नऊ आले.

डॉक्टरांनी सांगून महिना होत आला होता. मी ते ऐकलं होतं, समजून घेतलं होतं, दोघातिघांना फोनवर नीट समजावूनही सांगितलं होतं. नजर कडांकडून आत येत चाललीय. समोरचं स्वच्छ दिसतं, बारीक अक्षर वाचता येतं, पण बाजूचं हळूहळू पुसलं जातंय; थेंब घातले की वेग कमी होईल, गेलेलं परत यायचं नाही; आणि रस्त्यावर सायकल आता नको. सगळं पाठ होतं मला. पण पाठ असणं वेगळं आणि गालाशी धरलेली बाटली न दिसणं वेगळं. तपासणीच्या दिवशी त्या अंधाऱ्या खोलीत ह्याला एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं होतं. हातात बटण दिलं होतं. आत कुठेही दिव्याचा ठिपका चमकला की दाबायचं. मी मागे स्टुलावर बसले होते. मागे राहून ह्याची पाठ बघण्यात माझा हात कोणी धरणार नाही, आणि त्या पाठीवरून मला कळत होतं की हा अगदी शाळेतल्या मुलासारखा मन लावून परीक्षा देतोय. बटणाचा टकटक आवाज भराभर येत होता आणि मला बरं वाटत होतं, की दिसतंय बाबा ह्याला सगळं. मग यंत्रावरच्या मुलीने मशीन थांबवलं आणि विचारलं, "काका, दिवा नसतानाही दाबताय का?" ह्याने हनुवटी उचलली. मग म्हणाला, "असेल असं वाटलं." घरी येताना आम्ही ह्या वाक्यावर खूप हसलो. लिफ्टमध्ये शेजारच्या बाई होत्या, त्यांना वाटलं असेल, काहीतरी चांगली बातमी दिसतेय.

सायकल चालवणाऱ्यांत आम्हाला इंजिन आणि डबा म्हणतात. इंजिन हा, डबा मी. सुरुवातीला मला राग यायचा, मग मीच फोनवर "डबा बोलतोय" म्हणायला लागले आणि राग संपला. त्यात चुकीचं काही नव्हतंच. रस्त्यावर पुढचा वारा फोडतो आणि मागच्याने त्याच्या चाकाला हातभर अंतराने चिकटून राहायचं असतं. तसं राहिलं की मागच्याला निम्म्या कष्टात तोच वेग मिळतो. हे कोणीही सांगेल. पण त्यासाठी नजर त्या चाकावरून हलवायची नसते. चाकाच्या वर त्याची पोटरी, तिच्या वर त्याची कंबर, आणि कंबरेपाशी अधूनमधून येणारा हात. बोट खाली दाखवलं की खड्डा. तळवा पसरला की हळू. पाठीमागून हात झुलवला की बाजूला सरक. कोपर बाहेर फडफडवलं की "आता तू पुढे हो", पण ही खूण ह्याने मला कधी केली नाही. केली असती तर मी गेले असते का, ते सोडा. मी ह्याच्यामागून एवढे डोंगर चढले, एवढे उतरले, आणि खरं विचाराल तर मी पाहिलं ते एक चाक. राइड संपली की घरी हा शूज काढता काढता विचारायचा, "वारा कसा होता?" आणि मी म्हणायचे, "कुठला वारा?" एवढा एकच विनोद आमच्याकडे आहे, आणि तो आम्ही इतक्या वर्षांत एकदाही वाया जाऊ दिला नाही.

थंडीच्या सुरुवातीला दिवसभराची एक मोठी राइड असते, ती आम्ही दरवर्षी करतो, आणि ह्याही वर्षी दोघांनी नावं दिली होती. आमच्या सायकल क्लबच्या सेक्रेटरींना आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं की एक नाव कापायचं की दोन्ही. मी सरळ म्हटलं होतं, दोन्ही कापा. इंजिन नसताना डब्याने रुळावर उभं राहून करायचं काय? दुसऱ्या दिवशी भांडी पुसता पुसता हा म्हणाला, "तू नाही गेलीस तर माझ्यामुळे गेली नाहीस असं होईल. मग ते मला रोज दिसेल. ते काही बाजूला नसतं." मी म्हटलं, "मला एकटीला जमत नाही हे तुला माहितेय." "मला माहीत नाही," हा म्हणाला, "आणि तुलाही माहीत नाही." मग ठरलं ते असं, की मी एकदा एकटीने कण्यावर जाऊन यायचं. डोंगराच्या अगदी धारेवरून जो रस्ता जातो त्याला आम्ही सगळे कणा म्हणतो. तिथे झाड नाही, भिंत नाही, आणि जाताना वारा बारा महिने उजवीकडून येतो. कण्याच्या टोकाला एक ओसाड बसथांबा आहे. त्याच्या लोखंडी खांबाला हात लावायचा आणि परत फिरायचं, असा आमचा शिरस्ता. जमलं तर एक नाव कापायचं, नाही जमलं तर दोन. "आणि हे बघ," हा म्हणाला, "परत फिरलीस तर फिरले म्हणून सांग. खांबाला हात लावला म्हणून मला खूश करू नकोस." वरवर मी म्हटलं, "मी कशाला तुला खूश करू?" पण तोच विचार तेवढ्यात माझ्या डोक्यात येऊन गेला होता, आणि ह्याला तो कसा दिसला कोण जाणे.

शहरातून बाहेर पडेपर्यंत मला बाटलीचाच विचार होता. गोदामांचा रस्ता, मग उड्डाणपूल, मग कालव्याकडेची ती लांब भिंत. सिग्नलला थांबले की मी डाव्या हाताला बघायचे आणि मनात मोजायचे, हे त्याला दिसलं असतं का? हा रिक्षाचा आरसा? ही बाई, जिच्या पिशवीतून पालेभाजीची जुडी बाहेर आलीय? मान न हलवता मी डोळ्यांच्या कडेने किती दिसतं ते बघत होते आणि किती दिसतं! आपल्याला एवढं दिसतं ह्याची मला कल्पनाच नव्हती. खांद्यामागचं सुद्धा थोडं दिसतं. कोणी विचारत नाही म्हणून आपण सांगत नाही, एवढंच. ह्याने तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत शाफ्टमध्ये काढली, वर दोरखंडं, खाली खड्डा, चारी बाजूंना भिंती वीतभर अंतरावर. त्या कामाला कडेचंच दिसायला लागतं. कंपनीने आता त्याला टेबलावर बसवलंय, तक्रारीचे फोन घ्यायला. परवा म्हणाला, लोक फोनवर लिफ्टचा आवाज तोंडाने काढून दाखवतात, आणि मी इथून सांगतो कुठलं बेअरिंग गेलं. सांगताना हसत होता. मी पण हसले, पण मला ते मुळीच आवडलं नाही.

चढाच्या पायथ्याशी जो पेट्रोल पंप आहे तिथे आम्ही पाणी भरतो. तिथल्या बाई आम्हाला ओळखतात, म्हणजे ह्याला ओळखतात; मी म्हणजे ह्याच्यामागून घाम पुसत येणारी. त्या नळ उघडून उभ्या राहिल्या आणि मी बाटलीशी झटापट करत असताना रस्त्याकडे बघून म्हणाल्या, "काका मागे राहिले का?"

मला गंमत वाटली. काका आणि मागे. "हो," मी म्हटलं, "मागे राहिलेत."

"द्या इकडे." त्यांनी बाटली मांडीला लावून एका हिसक्यात उघडली. "वर वारा आहे हं आज. मघाशी दोन पोरं गेली होती, चांगली दांडगी. अर्ध्यातून फिरली. थांबा काकांसाठी, एकट्या जाऊ नका."

"ते नाही येणार आज."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाटली भरून दिली आणि झाकण हलक्या हाताने लावलं, तेही माझ्याकडे बघत बघत, म्हणजे पुढच्या वेळी उघडता यावं. अशा वेळी माणसं किती साधं काहीतरी करतात, आणि आपल्याला उगाच भरून येतं. मी पटकन निघाले, कारण पंपावर उभं राहून रडत बसले असते तर चढ काही आपणहून खाली आला नसता.

चढ मला माहीत होता असं मी समजत होते. निम्मा चढ गेल्यावर कळलं की मला चढ माहीत नाही, चढावरचं ह्याचं चाक माहीत आहे. तिसऱ्या वळणानंतर हा उभं राहून पॅडल मारायचा आणि मग मीही उभी राहायचे. का उभं राहायचं, तर तिथे रस्ता तिरका होतो आणि वारा छातीवर येतो. छातीवर आलेला वारा म्हणजे काय हे मला आज कळलं. कोणीतरी तळहात ठेवून शांतपणे मागे लोटतंय. ढकलत नाही, भांडत नाही, नुसतं "नको" म्हणतंय. मी वेगाचा नाद सोडला. कानात घोंघों एवढाच आवाज, श्वासही ऐकू येत नव्हता. थोड्या वेळाने जबडा दुखायला लागला तेव्हा लक्षात आलं की मी दात आवळून धरलेत. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या बनवते. माणसं आमच्याकडे येत नाहीत, त्यांच्या चाव्याचे प्लास्टरचे साचे येतात, आणि साचा हातात घेतला की मला सांगता येतं की हा माणूस झोपेत दात खातो. दाढांच्या टोकांना सपाट तकतकीत जागा पडलेल्या असतात. आमच्या मालकीणबाईंना मी एकदा म्हटलं, ह्या सगळ्यांना एवढं कशाचं टेन्शन असतं हो? त्या म्हणाल्या, तुझा साचा काढून बघूया का? तेव्हा मी विषय बदलला. आता त्या चढावर मी जबडा सोडला, तोंड उघडं टाकलं, आणि वारा सरळ तोंडात शिरून दातांना गार लागला. बरं वाटलं. तोंड उघडं टाकून चढणारी बाई बघायला तिथे कोणी नव्हतं ते एक बरं.

कण्यावर आले तेव्हा वारा फिरला, म्हणजे मी फिरले आणि तो उजवीकडून लागला. आता इथे काय करायचं हे माझ्या अंगाला पक्कं ठाऊक. वारा आडवा असला की पुढच्याच्या सरळ मागे राहून काही उपयोग नसतो. आडोसा त्याच्या मागे नसतो, त्याच्या कुशीत असतो. वारा उजवीकडून आला तर त्याच्या डाव्या बाजूला, जरा मागे, तिरकं राहायचं. म्हणून कण्यावर हा रस्त्याच्या मध्याकडून चालवायचा आणि मला डाव्या कडेला जागा ठेवायचा. मी मान खाली घातली आणि सरकले. खूप नाही, अंगभर. वारा कमी होईना, तशी आणखी थोडी सरकले. वाटलं, आपलं अंतर चुकतंय, अजून थोडं आत शिरायला हवं. आणखी सरकले. मग डांबर संपलं. पुढचं चाक खडीत गेलं, सायकल एकदम बोबडी झाल्यासारखी अडखळली, मी पॅडलमधून पाय सोडवेपर्यंत ती डावीकडे कलली आणि आम्ही दोघी अगदी सावकाश, कोणी निजवावं तशा गवतात आडव्या झालो. कुठे खरचटलंही नाही. मी पडल्या पडल्या वर आकाशाकडे बघत होते आणि पहिला विचार माझ्या मनात आला तो असा, की ह्याने खडीची खूण का नाही केली?

तो विचार पुरा होईपर्यंत मला कळलं मी काय करत होते ते. रस्ता सगळा मोकळा होता. मी ह्याची जागा सोडून कडेने चालले होते. नसलेल्या माणसाच्या कुशीत शिरत होते, आणि आडोसा मिळत नाही म्हणून आणखी शिरत होते, पार डांबर संपेपर्यंत. दिवा नसताना बटण दाबल्यासारखं. मी आधी हसले. आणि मग मला ह्याचा राग आला, चांगला सणसणीत राग, की तू मला इतकी वर्षं तुझ्या कुशीत घातलंस, कधी कोपर हलवून पुढे हो म्हणाला नाहीस, आणि आता एका संध्याकाळी भांडी पुसत सांगतोस की तुलाही माहीत नाही. तुझ्यामागे राहून मी काय शिकले? एक चाक. तुझी नजर आता कडांकडून आत येतेय म्हणून सगळे हळहळतात, पण माझी इतकी वर्षं तेवढीच तर होती. राग ओसरला तेव्हा खाली नुसती भीती होती, आणि ती रस्त्याची नव्हती. पुढच्या वर्षी बाटली समोरून धरली तरी दिसेल ना, ती होती. मी तिथे गवतात बसून ते स्वतःला स्पष्ट शब्दांत सांगितलं, कारण घरी ते म्हणायला जागा नाही, घर लहान आहे. मग उठले, गवताच्या काड्या चेनमधून काढल्या, ब्रेक तपासले. परत फिरायला उतारच होता. परत फिरलीस तर फिरले म्हणून सांग, असंही तो म्हणालाच होता, आणि मी सांगितलं असतं तर त्याने हं म्हणून भाताचा कुकर लावला असता, एका शब्दाने बोलला नसता.

मी सायकल रस्त्याच्या मध्याकडे नेली. जिथून हा चालवायचा तिथे. तिथे बसले आणि पहिलं पॅडल मारलं तेव्हा वाऱ्याने अशी थप्पड दिली की सायकल हातभर सरकली, आणि मग मला कळलं की हा इथे वाऱ्याकडे थोडा झुकायचा. मला मागून ते नेहमी दिसायचं, कंबर किंचित उजवीकडे. मला वाटायचं त्याची पाठ दुखतेय. घरी गेल्यावर मी त्याला तेल लावून द्यायचे. मी झुकले. वाऱ्याला खांदा दिला आणि तो टेकायला मिळाल्यासारखा तिथे थांबला. मग सायकल सरळ चालायला लागली. जोरात नाही, आमच्या नेहमीच्या वेगाच्या निम्म्यानेही नाही, पण सरळ. एकदा फारच दमले तेव्हा माझं कोपर आपोआप बाहेर आलं आणि दोनदा फडफडलं. कोणाला, तर कोणालाच नाही. माझी मलाच गंमत वाटली, इतक्या वर्षांत ही खूण मी पहिल्यांदा केली आणि मागे चिटपाखरू नाही.

समोर चाक नव्हतं, म्हणून नजर ठेवायची कुठे हा प्रश्न होता. खाली ठेवली तर चक्कर येत होती. मी वर पाहिलं. उजवीकडे डोंगर एकदम तुटत होता आणि खाली, अगदी तळाशी, एक तळं होतं. मोठं होतं. करड्या रंगाचं, वाऱ्याने सगळं पाणी एका काठाला लोटलेलं आणि दुसऱ्या काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडलेला. मध्ये एक छोटं बेट, त्यावर एकच घर, पत्र्याचं, दार लाल. मी पॅडल मारत बघत राहिले. हे तळं मला माहीत होतं. हा दर वेळी रात्री जेवताना म्हणायचा, "तळ्यात पाणी कमी झालंय ह्या खेपेला," आणि मी म्हणायचे, "हो ना, फारच." कधी म्हणायचा, "त्या बेटावरच्या घराला रंग दिलाय," आणि मी म्हणायचे, "छान दिसतं." कशाला छान दिसतं? मी ते घर कधी पाहिलंच नव्हतं. जाताना ते ह्याच्या पलीकडे असायचं आणि येताना आम्ही बाजू बदलायचो तरी ह्याच्या पलीकडेच असायचं, कारण वारा येतो तळ्यावरून आणि वाऱ्याच्या आणि माझ्या मध्ये हा. मी जेवणात लक्ष घालून हो ला हो करायचे, आणि माझी अशी समजूत होती की मला ते दिसलेलंच आहे, मी फक्त विसरलेय.

बसथांबा आला तेव्हा मला तो ओळखू आला नाही. नेहमी आधी ह्याचा तळवा पसरायचा, मग वेग कमी, मग खांब. आज थांबा आधी दिसला, लांबून, आणि बराच वेळ तेवढाच राहिला. मग हळूहळू मोठा झाला. पत्र्याच्या छपरात वारा घुसून धडधडत होता. मी उतरून खांबाला हात लावला. नुसता हात लावून भागलं नाही, जरा वेळ धरूनच उभी राहिले. आनंद वगैरे झाला का? झाला असावा. पण जास्त करून मला असं झालं होतं की कधी एकदा हे कोणाला तरी सांगते, आणि हे कोणाला म्हणजे कोणाला, ह्यात काही पर्याय नव्हताच. बाटली अर्धी झाली होती. झाकण सहज उघडलं.

येताना वारा मागून-डावीकडून होता आणि पंपाच्या पुढे, कालव्याकडे जाणाऱ्या सपाट रस्त्यावर तो अगदी पाठीमागून आला. तिथे एक प्रकार होतो. वाऱ्याचा आणि आपला वेग एक झाला की वारा नाहीसा होतो. आवाज थांबतो. पान हलत असतं, गवत आडवं झालेलं असतं, आणि आपण मात्र एखाद्या बंद खोलीत बसल्यासारखे. ह्या जागेवर हा दर वेळी म्हणायचा, "ऐक." तेवढं एकच बोलायचा सगळ्या राइडमध्ये. मला तेव्हा ऐकू यायच्या त्या दोन चेनी, एक पुढे, एक खाली माझी, मागेपुढे होत, कधी जुळत. आज एक ऐकू आली. स्वच्छ, व्यवस्थित तेल दिलेली, ह्यानेच काल रात्री दिलेलं. मी पॅडल थांबवलं, मग चाकाची टिकटिक ऐकू आली. मग परत पॅडल मारलं. दुःख झालं, आणि ते दुःख अंगाला न बोचता बराच वेळ माझ्याबरोबर त्याच वेगाने येत राहिलं. कालव्याच्या भिंतीपाशी रस्ता वळला आणि कानात परत घोंघों सुरू झालं.

लिफ्टचं दार उघडलं तर आमच्या घराचं दार आधीच उघडं. लिफ्टच्या आवाजावरून कोण काय घेऊन वर येतंय ते ह्याला कळतं. सायकलीसह मी म्हणजे मोटर जरा कुरकुरते म्हणे. जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर फोन होता आणि सेक्रेटरींचा नंबर काढून ठेवलेला असणार, एवढं मी ह्याला ओळखते. मी सायकल त्याच्या सायकलीखाली टेकवली. त्याची भिंतीवर टांगलेली आहे, हवा भरलेली, रोज पुसलेली. मग मी त्याच्या डाव्या बाजूला गेले, सवयीने, आणि थांबले. वळसा घालून समोर आले. ग्लोव्ह न काढता तळवा उघडला आणि सरळ त्याच्या नाकासमोर धरला. खांबाचा तांबूस गंज, बोटांवर आणि मधे.

त्याने माझं मनगट धरलं आणि हात थोडा लांब नेला, थोडा जवळ आणला, बरोबर जिथे दिसतो तिथे. बराच वेळ बघत होता.

"गवत कुठलं हे?" त्याने विचारलं. बाहीला एक काडी राहिली होती.

"पडले."

"लागलं?"

"नाही. तुझी जागा सोडून चालले होते कण्यावर. कडेने."

त्याला कळलं, लगेच, काय ते. सगळ्या जगात हे लगेच कळेल असा हा एकच माणूस होता. मनगट सोडलं नाही त्याने.

"मग?"

"मग मधून गेले."

"वारा कसा होता?"

कुठला वारा, हे अगदी जिभेवर आलं होतं. मी खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले. "तळं आहे तिथे," मी म्हटलं.

"आहेच की. कधीचं आहे."

"मी आज पाहिलं."

"माहितेय," हा म्हणाला. "छान दिसतं म्हणायचीस ना, तेव्हा त्या घराला छप्परच नव्हतं."

मग त्याने फोन उचलला, सेक्रेटरींना एकाच वाक्यात सांगितलं की एक नाव कापा, माझं, आणि फोन बाजूला ठेवून दिला. दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले, हँडलवर ठेवतो तसे, मान जरा खाली घातली आणि डोळे मिटले.

मी पंपापासून सुरुवात केली. बाईंनी झाकण कसं लावलं ते सांगितलं, पहिलं वळण सांगितलं, दुसरं सांगितलं, तिसऱ्या वळणावर वारा छातीवर आला तिथे मी घाईने बोलायला लागले, कारण मला कण्यावर पोचायचं होतं, तळं आणि लाल दार सांगायचं होतं. त्याने टेबलावर तळवा पसरला.

"जरा हळू घे," तो म्हणाला. "मी मागे आहे."